पन्नास अर्ध्या चित्रांचा हिशेब

आजचा विषय वाचून काही मंडळी इथूनच परत फिरतील, याची मला कल्पना आहे. डीव्हीडी! ज्या तबकडीसाठी नव्या लॅपटॉपमध्ये जागासुद्धा ठेवत नाहीत, तिच्यावर कुणी शनिवार-रविवार घालवतं का? पण जरा थांबा. टीव्हीच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडून बघा. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट, एक्स्टेंशन बोर्ड, कुठल्यातरी फोनचा चार्जर आणि त्यांच्याखाली एक पुठ्ठ्याचा खोका असणार. त्यात 'मुंज', 'बारसं', 'लग्न भाग १' (भाग २ कुठे गेला ते कुणालाच माहीत नसतं) असं मार्करनं लिहिलेल्या तबकड्या. नाशकात तरी मी ज्या ज्या घरी विचारलं, तिथे हा खोका निघालाच.

आमच्या घरचा खोका यंदा दिवाळीच्या साफसफाईत भंगारात निघाला होता. कारण तसं बरोबरच होतं. माझ्या चुलतबहिणीनं, म्हणजे ताईनं, त्यातल्या महत्त्वाच्या डीव्हीडी पुण्याला नेऊन एका दुकानातून 'डिजिटल' करून आणल्या. (आधी त्या काय होत्या, हे विचारू नका.) पेन ड्राइव्ह आला, घरच्या ग्रुपवर क्लिपा फिरल्या, सगळ्यांनी बदाम पाठवले, आणि आईनं जाहीर केलं की आता तो खोका जाऊ दे, खणात कुकरच्या जादा शिट्ट्या ठेवता येतील.

मी त्या क्लिपा मोबाइलवर बघितल्या तेव्हा मलाही काही वाटलं नाही. लॅपटॉपवर लावल्या आणि खोका परत आत नेला.

झालं असं होतं, की चित्रात जे जे स्थिर होतं ते ठीक होतं. मांडव, पाट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं ठीक. पण कुणी हात हलवला, मान वळवली, की त्या हाताच्या, मानेच्या कडेला आडव्या रेघा. कंगव्याचे दात असावेत तशा. आजोबा चालत येतात तर त्यांच्या दोन्ही बाजूंना कंगवे. आत्या हसतीये तर ओठांवर कंगवा. ताईचं म्हणणं, "अरे, वीस वर्षांपूर्वीचं आहे ते, एवढं चालायचंच." आणि इथेच माझं डोकं सरकलं. कारण वीस वर्षांपूर्वी त्याच डीव्हीडी आम्ही घरच्या डबा टीव्हीवर बघितल्या होत्या आणि तेव्हा एकही कंगवा नव्हता. तबकडी म्हातारी झाली म्हणून चित्राला रेघा येत नाहीत. तबकडी बिघडली की चौकोनी ठिगळं दिसतात, चित्र गोठतं, नाहीतर ड्राइव्ह नुसताच घरघरत बसतो. कंगवे हा दुसऱ्याच भानगडीचा पुरावा असतो.

ती भानगड म्हणजे इंटरलेसिंग.

थोडं मागे जाऊ. टीव्ही नवा होता तेव्हाची अडचण अशी होती, की सेकंदाला २५ पूर्ण चित्रं पाठवली तर हालचाल बऱ्यापैकी दिसते, पण काचेच्या नळीचा पडदा लुकलुकतो. ५० पूर्ण चित्रं पाठवली तर लुकलुक थांबते, पण हवेतून दुप्पट माल न्यावा लागतो. मग कुणीतरी डोकं चालवलं. चित्र आडव्या ओळींचं बनलेलं असतंच, तेव्हा आधी १, ३, ५, ७ या विषम ओळी पाठवा आणि पुढच्या खेपेला २, ४, ६, ८ या सम ओळी. माल तेवढाच, पडदा मात्र सेकंदाला ५० वेळा उजळतो. (५० च का? कारण विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा. अमेरिकेत तो ६० चा, म्हणून तिकडचं सगळं गणित ६० चं.) भारतात पाल पद्धत आली. ६२५ ओळी, त्यातल्या चित्राच्या ५७६. म्हणजे एका खेपेला २८८ ओळी. या अर्ध्या चित्राला 'फील्ड' म्हणतात.

आता यातली खरी मेख. व्हिडिओ कॅमेरा एक चित्र टिपून त्याचे दोन तुकडे करत नसे. तो विषम ओळी एका क्षणी टिपायचा आणि सम ओळी त्यानंतर एक पन्नासांश सेकंदानं. म्हणजे दोन अर्ध्यांमधलं जग वेगळं आहे! मधल्या वेळात हात थोडा पुढे गेलाय. जुना टीव्ही ही अर्धी चित्रं आली तशी एकामागून एक रंगवायचा, त्यामुळे डोळ्याला सलग हालचाल दिसायची. आजचा सपाट पडदा मात्र सगळ्या ओळी एकदम दाखवतो. त्याच्यापुढे दोन क्षणांच्या ओळी एकात एक घालून ठेवल्या की स्थिर भिंत नीट जुळते आणि हलणारा हात दोन जागी दिसतो, एक ओळ इथे, एक ओळ तिथे. हाच तो कंगवा. जुळवण्याच्या या प्रकाराला 'वीव्ह' म्हणतात, म्हणजे विणणं. येवला आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे मला हे नाव आवडतं, फक्त इथे विणकरानं दोन वेगवेगळ्या पैठण्यांचे धागे एकाच मागावर चढवलेत.

सिनेमाचं तसं नसतं. फिल्मची प्रत्येक चौकट म्हणजे एकाच क्षणाचं पूर्ण चित्र. दादासाहेब फाळके १९१३ साली मुंबईहून नाशकात आले आणि इथे चित्रपट काढायला लागले, तेव्हापासूनची कुठलीही रिळं उजेडासमोर धरा, एका चौकटीत एकच क्षण दिसेल. त्यामुळे सिनेमाची पाल डीव्हीडी जरी 'इंटरलेस्ड' अशी खूण मिरवत असली तरी तिची दोन अर्धी सहसा एकाच क्षणाची असतात. ती नुसती विणली की काम झालं, वर काही करायला गेलात तर चित्र उगाच मऊ पडतं. (फक्त २४ चित्रांचा सिनेमा २५ नं पळवतात, त्यामुळे तो चार टक्के लवकर संपतो आणि गाण्यांचा सूर जरासा चढतो.) आपल्याकडच्या हिंदी सिनेमांच्या बऱ्याच जुन्या डीव्हीडी तर अमेरिकी एनटीएससी पद्धतीच्या निघायच्या, आणि त्यातल्या काहींमध्ये पालचं चित्र घोटून एनटीएससी केलेलं असायचं. तिथे कंगव्याऐवजी भुतं दिसतात. ती वेगळी डोकेदुखी. शिवाय विकतच्या तबकड्यांना कुलूप असतं आणि ते तोडण्याबद्दल २०१२ साली कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आलंय, तेव्हा त्या वाटेला मी जात नाही. आपण बोलतोय घरच्या डीव्हीडींबद्दल. लग्नं, मुंजी, गॅदरिंग, सत्यनारायण. हे सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपलेलं, म्हणजे डोळे मिटून इंटरलेस्ड समजा.

पुण्याच्या दुकानदारानं (बिचारा रोज शंभर तबकड्या करत असेल, त्याच्यावर राग नाही) काय केलं, तर ५७६ ओळींचं चित्र न सोडवता तसंच ४८० ओळींवर आणलं. हे सगळ्यात वाईट. नुसतं विणून ठेवलं असतं तर आजही विषम-सम ओळी वेगळ्या करता आल्या असत्या. पण सहा ओळींच्या पाच ओळी करायच्या म्हणजे शेजारशेजारच्या ओळी एकमेकींत मिसळणार, आणि शेजारची ओळ तर दुसऱ्या क्षणाची! कंगवा कायमचा चित्रात मुरला. ताक घुसळून झाल्यावर त्याचं दही परत मागण्यातला प्रकार. रंगाचं तर आणखी हाल. डीव्हीडीत रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी ओळींत साठवतात, तीही प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी. ते लक्षात न घेता चित्र लहान केलं की या क्षणाचा रंग त्या क्षणाच्या आकारावर सांडतो.

आणि आमच्याकडे नेमका रंगाचाच मामला होता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला. आणि जुन्या नाशकात, पंचवटीत रहाडी असतात. रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा जमिनीतला हौद. वर्षभर तो बुजवलेला असतो, वरून रस्ता, वरून स्कूटर जाणार, खाली काय आहे ते नवख्याला कळायचंही नाही. रंगपंचमीला तो उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक काठावरून धपाधप उड्या मारतात. त्याला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंधा चौकातली पिवळी.

आमच्या खोक्यात '२००५ रंगपंचमी' अशी एक डीव्हीडी आहे. काकांनी तेव्हा नवीनच मिनी-डीव्ही टेपचा हँडीकॅम घेतला होता. टेपवरून डीव्हीडी करून घेतली आणि टेप महाग म्हणून तीच टेप पुढे कुणाच्या तरी साखरपुड्याला वापरली. त्यामुळे मूळ म्हणावं असं आता जे आहे ते ही तबकडीच. तिच्यात सहाव्या मिनिटाला आजोबा धप्पा मारतात. वय वर्षं ७१. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, तिथेच होतो म्हणे, पण मला आठवतं ते फक्त पिवळं पाणी आणि कुणीतरी माझी कॉलर धरून ठेवलेली. पुढच्या वर्षी आजोबा गेले. त्यांचे फोटो भरपूर आहेत, सगळ्यांत ते पासपोर्टला बसल्यासारखे ताठ. हलणारे-चालणारे आजोबा म्हणजे आत्याच्या लग्नातली काही मिनिटं आणि हा धप्पा.

काठावरून पाय सुटल्यापासून पाण्यात पडेपर्यंत साधारण अर्धा सेकंद जातो. मी मोजलं. २६ अर्धी चित्रं. म्हणजे १३ पूर्ण चित्रं. दुकानाच्या फाइलमध्ये तीही १३ च आहेत, आणि तेराच्या तेरा चित्रांत आजोबा म्हणजे पिवळ्यावर पांढऱ्या रेघांचा एक पट्टा. हात कुठला, धोतर कुठलं, काही कळत नाही.

आता मी काय केलं ते. ज्यांना फक्त गोष्ट हवी त्यांनी पुढचे चार-पाच परिच्छेद चहा करायला वापरावेत. :)

पहिली पायरी, तबकडीला हात लावायच्या आधी तिची जशीच्या तशी प्रत. रूपांतर वगैरे काही नाही, आयएसओ फाइल. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची, आजच्या हार्ड डिस्कला ही रक्कम चिल्लर आहे. रंगपंचमीची प्रत सुखासुखी झाली. आत्याच्या लग्नाच्या डीव्हीडीनं मात्र दमवलं. तिच्यावर बदामाच्या चौकटीत नवरा-नवरीचा फोटो असलेला कागदी स्टिकर आहे (तेव्हा प्रत्येक फोटोग्राफरकडे हाच बदाम असायचा), आणि कागद एका बाजूनं फुगून तबकडी फिरताना थरथरते. सोलायचा मोह झाला, पण टाळला. सोलताना तबकडी वाकवण्यापेक्षा थरथर परवडली. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाची फुकट आज्ञावली वापरली. ती आधी वाचता येण्यासारखं सगळं वाचून घेते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मग एकेका अडलेल्या जागी परत परत जाऊन प्रयत्न करते. उत्तम गोष्ट अशी, की ती नोंद घेऊन तुम्ही दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालू करू शकता. मित्राच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हनं माझ्या ड्राइव्हला न जमलेलं बरंच वाचलं. शेवटी चाळीसएक सेक्टर राहिले. एक सेक्टर २०४८ बाइटचा, म्हणजे सगळं मिळून ऐंशी केबीच्या आसपास. पण डीव्हीडीत पूर्ण चित्र डझनभर चित्रांतून एकदाच साठवतात, मधली सगळी 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढंच सांगतात. त्यामुळे एक दाणा खराब निघाला की अर्धा सेकंद घास कडू. मंगलाष्टकांच्या मध्ये मामांच्या तोंडावर एक चौकोनी ठिगळ राहिलंय ते त्यामुळे. मामांना सांगितलेलं नाही.

दुसरी पायरी, अर्धी चित्रं सोडवणं. इथे बहुतेक लोक हँडब्रेक वापरतात आणि वापरावंच, चांगलं आहे. पण त्यात एक खाच आहे. तुम्ही तयार प्रीसेटांतला 'फास्ट ५७६पी२५' निवडला, तर कंगवे जातात, चित्र स्वच्छ दिसतं आणि तुम्ही खूश होता. आत काय झालेलं असतं? दर दोन अर्ध्यांपैकी एक ठेवून त्याच्या मधल्या ओळी अंदाजानं भरल्या, आणि दुसऱ्या अर्ध्याचा क्षण टाकून दिला. सेकंदाला २५ चित्रं उरली. जिथे काहीच हलत नाही तिथे नुकसान नाही. पण हलणारं जे काही होतं, त्याचे अर्धे क्षण गेले. आणि कंगवे नसल्यामुळे कुणाला कळतही नाही की काही गेलं.

मला हे दुकानाच्या फाइलीपेक्षाही जास्त खटकतं. ती निदान तोंडावर वाईट दिसते.

खरं करायला हवं ते असं: प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र बनवायचं. ५० अर्धी आत, ५० पूर्ण बाहेर. याला 'बॉब' म्हणतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसच्या रकान्यात बीडब्ल्यूडिफ निवडून त्याच्यापुढे बॉब निवडा, आणि फ्रेमरेटच्या जागी २५ काढून 'मूळ चित्राप्रमाणे' करा. हे दुसरं विसरलात तर आधी ५० बनवून परत २५ फेकले जातील. एफएफएमपेगवाल्यांसाठी: तिथला जुना यादिफ फिल्टर आपणहून २५ च देतो, त्याला मुद्दाम ५० सांगावे लागतात, बीडब्ल्यूडिफ आपणहून ५० देतो. हौशी मंडळींत क्यूटीजीएमसी नावाचा एक प्रकार फार मानाचा आहे. मी तोही करून बघितला, लॅपटॉप रात्रभर पंखा फिरवत बसला. निकाल गुळगुळीत येतो यात शंका नाही, पण माझ्या मते जरा जास्तच. आजोबांच्या चेहऱ्याला कुणी पावडर लावून बसवल्यासारखं वाटलं. मी बीडब्ल्यूडिफवर थांबलो.

आणि चित्राचा आकार. डीव्हीडीतलं चित्र ७२० बाय ५७६ असतं पण त्याचे ठिपके चौरस नसतात. ती खूण फाइलीत टिकली नाही तर सगळं वऱ्हाड किंचित बारीक दिसतं. कुणी तक्रार करत नाही, पण ते खोटं आहे.

लग्नाच्या डीव्हीडीत वेगळीच गंमत निघाली. बॉब केल्यावर तर सगळं लोण्यासारखं चालायला हवं. पण वरातीत नाशिक ढोल सुरू झाला आणि वादकांच्या हातातली टिपरं चक्क मागे-पुढे, मागे-पुढे थरथरायला लागली. टिपरू खाली येतंय, मध्येच जरा वर जातंय, परत खाली. वादकांनी घेतली असेल म्हणावं, तर मागून चालणारी आत्याची सासरची मंडळीही तशीच थरथरत चाललेली. याचं कारण क्रम. दोन अर्ध्यांपैकी आधीचं कुठलं, वरच्या ओळीपासूनचं की खालच्या, हे फाइलीत लिहिलेलं असतं. मिनी-डीव्ही टेपवर खालचं आधी असतं, डीव्हीडीवर बहुतेक वेळा वरचं आधी. त्या काळी टेपवरून तबकडी बनवताना कुणीतरी ही खूण उलटी लावली. झालं! आत्याचं लग्न वीस वर्षं दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असं चालू आहे. डबा टीव्हीवरसुद्धा ते थरथरत असणार, पण तेव्हा आम्ही ते ढोलाच्या नावावर खपवलं. इलाज मात्र अगदी स्वस्त. सोडवायच्या आधी एफएफएमपेगला क्रम उलटा आहे एवढं सांगायचं. टिपरं सरळ खाली आली. ढोलाचा आवाज आणि टिपरू पहिल्यांदाच एका ठेक्यात दिसले. आत्याला पाठवलं तर ती म्हणाली, "छान आहे, पण माझा शालू जास्त हिरवा होता." असो.

नाटकांच्या व्हीसीडी घेऊन बसलेल्यांना (माझे बाबा) एक वाईट बातमी. व्हीसीडीत ३५२ बाय २८८ एवढंच चित्र असतं आणि ती बनवतानाच एक अर्धं टाकून दिलेलं असतं. तिथे सोडवायला काही उरलेलंच नाही. तशीच्या तशी प्रत ठेवा आणि नाटक बघा.

आता रहाड. ५० चित्रांची फाइल तयार झाली त्या रविवारी दुपारी आजी आमच्याकडेच होती. मी टीव्हीला लावली. आधी दुकानाची फाइल दाखवली. आजी म्हणाली, "हो, दाखवलं होतं ताईनं. ह्यांनी उडी मारली तेव्हा मी भांडले होते." मग माझी लावली. रंगाचं पाणी उडतं ते थेंबाथेंबानं उडताना दिसायला लागलं. मागचे लोक हात वर करून ओरडतायत, त्या हातांना बोटं आली. आजोबा काठावर येतात, मागे वळून कुणालातरी काहीतरी म्हणतात (आवाजात फक्त गलका आहे), आणि उडी.

"थांब," आजी म्हणाली. "परत लाव."

परत लावली. मग एकेक चित्र पुढे सरकवत नेली. पाय सुटले. तिसऱ्या-चौथ्या चित्राला उजवा हात वर यायला लागतो. तोंडाजवळ येतो. मी समजत होतो की नाक दाबतायत. २५ चित्रांच्या फाइलीतही मी हे बघितलं होतं, तिथे हात जागेवर नसतो आणि मग एकदम तोंडावर असतो, त्यामुळे नाकच वाटतं. इथे मधली चित्रं होती. हात नाकावरून पुढे जातो, वर, आणि दोन बोटं चष्म्याच्या दांडीवर.

"चष्मा धरलाय बघ," आजी म्हणाली. "पंधरा दिवस झाले होते नवीन करून. मी ह्यांना सांगितलं होतं, काढून जा. ऐकलं नाही. पण धरला."

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "तो पिवळा रंग बनियनचा शेवटपर्यंत गेला नाही." मी सात-आठ वेळा लावून दाखवली असेल. सेकंदाला ५० चित्रं म्हणजे काय ते तिला सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. ताईला मात्र सांगितलं. दोन्ही फाइलींतला तो अर्धा सेकंद तिला पाठवला, व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे (ते परत दाबून चेंदामेंदा करतं), लिंक करून. तिचं उत्तर आलं, "अरे, हा चष्मा तर देवघराच्या कपाटात आहे." आणि मग, "त्या दुकानात अजून चार डीव्हीडी द्यायच्या होत्या, त्या तुझ्याकडे आणते."

म्हणजे माझे पुढचे चार शनिवारही गेले.

सध्याची व्यवस्था अशी आहे. आयएसओ प्रती दोन हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे, एक आत्याकडे सिडकोत. बघायच्या ५० चित्रांच्या फाइली वेगळ्या, तासाला दीड-दोन जीबी, त्या सगळ्यांना वाटल्यात. त्या हरवल्या तरी बिघडत नाही, उद्या यापेक्षा चांगला फिल्टर निघाला तर आयएसओवरून परत करता येतील. तबकड्या उन्हापासून दूर, उभ्या, प्लॅस्टिकच्या डब्यात. खण कुकरच्या शिट्ट्यांना मिळाला, डबा माझ्या कपाटात आला. आई दोन्हीकडून जिंकली.

फक्त एक तबकडी अडलीये. काकांनी २००७ मध्ये टेपचा कॅमेरा विकून थेट छोट्या डीव्हीडीवर टिपणारा घेतला होता. आठ सेंटीमीटरची, बशीएवढी तबकडी, १.४ जीबीची. (ही तबकडी फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये चुकूनही घालू नका, ती बाहेर येत नाही. ट्रे बाहेर येणाराच ड्राइव्ह लागतो.) तिचं चित्रण झाल्यावर कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' करावं लागायचं, आणि ते काकांनी केलेलं नाही. त्यामुळे माझा ड्राइव्ह शपथेवर सांगतो की ही कोरी आहे. मागची बाजू उजेडात तिरकी धरली तर मात्र जांभळटपणा दोन छटांचा दिसतो. आतल्या कड्यापासून निम्म्याच्या पुढे लिहिलेलं आहे, बाहेर कोरं. आयसोबस्टर नावाचं एक सॉफ्टवेअर अशा तबकड्या वाचतं, तो एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे तोच कॅमेरा सुरू करून त्यात ती फायनलाइज करणं. पण तिच्यावर आणखी काही लिहायच्या आधी, मिळेल तेवढं वाचून घ्यावं अशा मताचा मी आहे. काका म्हणतात, आधी कॅमेरा लावून बघू. कॅमेरा सापडलाय, चार्जर माळ्यावर असावा असा अंदाज आहे, आणि काकांचा गुडघा सध्या माळ्यावर चढू देत नाही, तेव्हा शनिवारी मीच जाणार.

तबकडीवर काकांच्या अक्षरात लिहिलंय, 'पाडवा + इतर'. इतर म्हणजे काय, ते काकांनाही आठवत नाही.